रोज कमरेला बाळगायचे पिस्तूल निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कपड्यांखाली शस्त्र बाळगण्याचा परवाना तुम्हाला नुकताच मिळाला आहे, बांधा मध्यम आहे, हात लहान आहेत आणि दिवसाचे आठ-दहा तास, त्यातले बरेचसे खुर्चीत बसून, शस्त्र अंगावर राहणार आहे. एक मित्र म्हणतो खिशात मावेल इतके लहान पिस्तूल घ्या, दुसरा म्हणतो ग्लॉक १९ सोडून दुसऱ्या कशाकडे पाहूही नका. तुम्हाला मात्र दिवसभर टोचणार नाही आणि ऐन वेळी दगा देणार नाही असे शस्त्र हवे आहे. गेली वीसेक वर्षे मी नवख्या लोकांना पिस्तूल चालवायला शिकवतो आहे, त्यांची अडलेली शस्त्रे उघडून पाहतो आहे आणि स्वतःही रोज एक बाळगतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्हाला ९ मिमी पॅराबेलम काडतुसाचे, दहा-बारा गोळ्यांच्या मॅगझिनचे, बारीक अंगाचे आणि मधल्या आकाराचे पिस्तूल मानवेल. सिग साउअर पी३६५, स्मिथ अँड वेसन शील्ड प्लस, ग्लॉक ४३एक्स आणि स्प्रिंगफील्ड हेलकॅट ही या जातीची ठळक नावे आहेत. पण नुसती नावे सांगून तुमचे काम भागणार नाही, कारण सोय आणि खात्री हे दोन्ही गुण पेटीतून काढलेल्या पिस्तुलात तयार मिळत नाहीत. सोय ही तुमचा हात, होल्स्टर (शस्त्र ठेवायचे म्यान) आणि पट्टा मिळून ठरवतात, आणि खात्री तुम्हाला स्वतः गोळ्या झाडून करून घ्यावी लागते.

सोयीचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांना विरुद्ध दिशांना ओढतात. कमरेला जे हलके वाटते ते झाडताना हाताला त्रास देते. रुगर एलसीपी हे २००८ साली आलेले .३८० एसीपी काडतुसाचे पिस्तूल रिकामे असताना जेमतेम २७० ग्रॅम भरते, तर ग्लॉक १९ रिकामे सुमारे ६०० ग्रॅम आणि १५ गोळ्यांसह ८५० ग्रॅमच्या घरात जाते. एकच काडतूस निम्म्या वजनाच्या शस्त्रातून झाडले तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. हा पदार्थविज्ञानाचा साधा हिशेब आहे आणि तो कोणत्याही उत्पादकाला चुकवता येत नाही. शिवाय नळी आखूड झाली की पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर घटते, त्यामुळे नेम धरताना झालेली केसभर चूक लक्ष्यावर बरीच मोठी होऊन उमटते.

सरावाच्या जागी मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की क्रम पाठ झाला आहे. पहिली गोळी बरी जाते. दुसऱ्या गोळीला अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातल्या मऊ भागावर पिस्तुलाची पाठ आदळते; करंगळी तर मुठीला जागाच न उरल्याने खाली हवेत लोंबकळत असते. तिसऱ्या गोळीला चाप पुरता दबण्याआधीच डोळे मिटतात, मनगट धक्क्याच्या धास्तीने पुढे ढकलते आणि नळी झुकते. कागदावरची भोके मधल्या वर्तुळापासून हळूहळू खाली सरकत जातात. असा माणूस वीस गोळ्या झाडून हात चोळत पिस्तूल पेटीत ठेवतो आणि पुढचे कित्येक महिने सरावाला फिरकत नाही. मी त्याला दोष देत नाही, कारण दुखणारी गोष्ट कोणी आपणहून पुन्हा पुन्हा करत नाही. पण नवख्या हाताला सर्वांत लहान पिस्तूल द्यावे, हा सल्ला मला मनापासून चुकीचा वाटतो. ती शस्त्रे मुरलेल्या हातांसाठी आहेत, आणि तीही जेव्हा कपडे दुसरे काही लपूच देत नाहीत तेव्हासाठी.

दुसऱ्या मित्राचा सल्लाही मी मोडीत काढणार नाही. ग्लॉक १९ हे १९८८ पासून चालत आलेले, जगभरच्या कित्येक पोलीस दलांनी वापरलेले शस्त्र आहे, आणि नवीन विद्यार्थ्याच्या हाती मी बहुतेक वेळा प्रथम तेच देतो. ते तुम्ही दिवसभर बाळगू शकत असाल तर त्याहून धाकटे घेण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की ते ३० मिलिमीटरहून जाड आहे, आणि मध्यम बांध्याच्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाच्या कमरेत ही जाडी तिसऱ्या-चौथ्या तासाला जाणवू लागते. पहिले पंधरा दिवस माणूस उत्साहाने सहन करतो. मग एखाद्या दिवशी ‘आज जवळच जायचे आहे’ म्हणून ते घरी राहते, आणि महिन्याभरात घरी राहणे हाच नियम होऊन बसतो.

पूर्वी या दोन टोकांच्या मधे फारसे काही नव्हते. बारीक पिस्तूल म्हटले की मॅगझिनमध्ये गोळ्यांची एकच उभी रांग, म्हणजे २०१२ च्या मूळ शील्डमध्ये सात-आठ आणि २०१५ च्या ग्लॉक ४३ मध्ये सहा गोळ्या. २०१८ साली पी३६५ आले आणि हे गणित बदलले. त्याच्या मॅगझिनमध्ये गोळ्या खालच्या भागात एकमेकींना किंचित चुकवून बसतात आणि वर येता येता एका रांगेत येतात, त्यामुळे सुमारे २६ मिलिमीटर जाडीच्या आणि रिकामे असताना ५०० ग्रॅमच्या आसपास भरणाऱ्या पिस्तुलात दहा गोळ्या मावू लागल्या. २०१९ मध्ये हेलकॅट आणि ग्लॉक ४३एक्स, २०२१ मध्ये शील्ड प्लस अशी इतरांची शस्त्रेही त्याच वाटेने आली. तुमच्यासारख्याला आज निवड सोपी आहे ती या बदलामुळे.

आता कमरेचा विचार करू. शस्त्र टोचते तेव्हा लोक दोष पिस्तुलाला देतात, पण निम्म्याहून अधिक वेळा खरा गुन्हेगार मऊ पट्टा असतो. साधा शोभेचा पट्टा अर्ध्या किलोच्या वजनाने दुमडतो, पिस्तुलाची मूठ शरीरापासून बाहेर कलते, मग माणूस पट्टा आणखी आवळतो आणि तासाभरात कंबर दुखू लागते. साधारण ३८ मिलिमीटर रुंदीचा, आतून ताठ भरणी असलेला पट्टा लावला की तेच पिस्तूल सैल पट्ट्यातही जागचे हलत नाही. पट्ट्याची भोके जवळजवळ असावीत किंवा बारीक दात्यांची कडी असावी, कारण जेवल्यावर आणि बसल्यावर कंबर अर्धा इंच इकडेतिकडे होते आणि तेवढी ढील देता आली पाहिजे.

लपवण्याच्या बाबतीत लोक नळीच्या लांबीची काळजी करतात, पण ती काळजी व्यर्थ आहे. नळी विजारीच्या आत उतरते, ती कोणाला दिसत नाही. उलट थोडी लांब नळी आणि थोडे लांब होल्स्टर जांघेशी टेकून मुठीला आत दाबून धरते. कपड्यातून उठून दिसते ती मूठ, विशेषतः तिची मागची खालची कड, आणि वाकताना सदरा तिच्यावरच ताणला जातो. म्हणून पिस्तुले शेजारी शेजारी ठेवून तुलना कराल तेव्हा मुठीची उंची आणि जाडी आधी पाहा. तुमच्या लहान हाताचा इथे फायदाच आहे, कारण मोठ्या पंजाच्या माणसाला करंगळी टेकवण्यासाठी जी लांब मूठ घ्यावी लागते ती तुम्हाला लागणार नाही.

होल्स्टर कुठे बांधायचे हे शरीर ठरवते. उजव्या बाजूला कमरेच्या हाडामागे बांधलेले होल्स्टर उभे असताना आरामाचे वाटते, पण खुर्चीच्या पाठीवर आणि गाडीच्या आसनावर मूठ आपटत राहते. पोटापुढे, नाभीच्या उजवीकडे बांधलेले होल्स्टर सर्वांत चांगले लपते आणि तिथून शस्त्र चटकन हाती येते. मात्र खाली वाकताना पोटात रुतते, आणि नळी मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे रोखलेली असल्याने तिथे चुकीला अजिबात वाव नाही. या जागेसाठी बनवलेल्या चांगल्या होल्स्टरला दोन गोष्टी असतात. एक म्हणजे पट्ट्याच्या आतून टेकणारा छोटा पंख, जो मुठीला पोटाकडे वळवतो, आणि दुसरी म्हणजे तळाशी लावलेली मऊ पाचर, जी नळीचे टोक बाहेर ढकलून मुठीचे टोक आत आणते. या दोन क्षुल्लक दिसणाऱ्या तुकड्यांनी जितका फरक पडतो तितका पिस्तूल बदलूनही पडत नाही. घोट्याला बांधलेले होल्स्टर फक्त बसलेल्या माणसाच्या कामाचे आहे. खिशात ठेवायचे असेल तर खिशाच्या होल्स्टरशिवाय ठेवू नये, आणि त्या खिशात किल्ली, नाणे, रुमाल यांपैकी काहीही नसावे.

होल्स्टरच्या सुरक्षिततेवर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण या विषयात मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. चापाभोवतीची कडी होल्स्टरने पूर्ण झाकलेली असली पाहिजे आणि बाहेरून बोटाने दाबले तरी चाप हलता कामा नये. पिस्तूल बाहेर काढल्यावरही होल्स्टरचे तोंड उघडेच राहिले पाहिजे. मऊ कापडाचे किंवा जुने होऊन लुळे पडलेले चामड्याचे होल्स्टर तोंड मिटते आणि परत ठेवताना त्याची दुमड चापात शिरू शकते. चामडे वाईट असते असे नाही. जाड, पक्के शिवलेले चामडे अंगाला कायडेक्स या कडक प्लास्टिकपेक्षा सुखाचे वाटते, पण त्याची तपासणी सतत करावी लागते. नव्या विद्यार्थ्याला मी एक परीक्षा करायला लावतो. रिकामे पिस्तूल होल्स्टरमध्ये बसवायचे, पलंगावर उलटे धरायचे आणि जोराने हलवायचे. ते गळून पडले तर ते होल्स्टर माझ्या वर्गात वापरता येत नाही.

शस्त्र बाहेर काढण्यापेक्षा ते परत ठेवणे अधिक धोक्याचे असते. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात एक नीटस, शिस्तीचा विद्यार्थी पाच गोळ्या अचूक झाडून पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवत होता. त्याच्या जाकिटाच्या कमरेची ओढायची दोरी होल्स्टरच्या तोंडावर आली होती आणि तिच्या टोकाचे प्लास्टिकचे बोंड नेमके चापाच्या कडीत शिरत होते. मी शेजारी उभा होतो म्हणून त्याचे मनगट धरता आले. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो की शस्त्र परत ठेवताना घाई करण्याचे कारण जगात नाही. सदरा पूर्ण वर उचलावा, होल्स्टरच्या तोंडाकडे डोळ्यांनी पाहावे, बोट सरळ स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, बाजूला टेकलेले असावे, आणि आत सरकवताना जराही अडल्यासारखे वाटले तर थांबून बाहेर काढावे. घोडा, म्हणजे पिस्तुलाच्या मागे असणारा आघात करणारा खटका, बाहेर असेल तर त्या वेळी त्यावर अंगठा ठेवला की घोडा मागे सरकू लागताच बोटाला कळते, आणि म्हणूनच पोटापुढे शस्त्र बाळगणारे काही अनुभवी लोक आजही घोड्याचे पिस्तूल पसंत करतात.

हातात बसते की नाही हे पाहताना आधी मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची खोबण) डोळ्याने आणि करंगळीच्या टोकाने खात्री करा आणि नळी निर्धोक दिशेला ठेवा. मग मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर धरा, जेणेकरून बेचका स्लाइडच्या अगदी खाली येईल. नळी, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आला पाहिजे. या स्थितीत चापावर बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग पडला पाहिजे. तिथे पोचण्यासाठी पंजा वळवावा लागत असेल तर पिस्तूल तुमच्यासाठी जाड आहे, मग ते कोणीही शिफारस केलेले असो. हल्ली बऱ्याच पिस्तुलांबरोबर मुठीच्या मागे लावायचे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे येतात, ते लावून पाहिल्याखेरीज निकाल देऊ नका.

स्लाइड ओढता येत नाही म्हणून अनेक जण, विशेषतः वयस्कर मंडळी, पिस्तूल नाकारतात. त्यातल्या बहुतेकांची ताकद कमी नसते, पद्धत चुकलेली असते. पिस्तूल लांब धरून दोन बोटांच्या चिमटीत स्लाइड ओढू नये. ते छातीजवळ आणावे, डाव्या हाताची चारही बोटे आणि तळवा यांत स्लाइड घट्ट धरावी आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलावी, म्हणजे खांद्याचे बळ कामी येते. मात्र छातीजवळ आणताना नळी डाव्या कोपराकडे किंवा शेजाऱ्याकडे वळत नाही, याकडे डोळ्यात तेल घालून पाहावे. तरीही जमत नसेल तर स्मिथ अँड वेसनने शील्ड ईझेड हे मऊ स्प्रिंगचे पिस्तूल याच कारणासाठी काढले आहे. ते २०१८ साली .३८० मध्ये आणि २०२० साली ९ मिमीमध्ये आले.

‘मग रिव्हॉल्व्हरच का नको?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर १९५० पासून खिशात फिरते आहे, आणि घोडा आत झाकलेले, ॲल्युमिनियम सांगाड्याचे ६४२ हे त्याचे वंशज जेमतेम ४०० ग्रॅमचे आहे. ते खिशात कशात अडकत नाही, मॅगझिनवर किंवा मनगटाच्या ताठपणावर अवलंबून नसते, आणि एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. पण त्याचा चाप लांब आणि जड असतो, त्याला पाच किलोच्या आसपास जोर लागतो, नेमाची खाच उथळ असते आणि धक्का झणझणीत असतो. साधे असते म्हणून नवख्याला द्यावे, असे म्हणणारे लोक ते झाडायला किती अवघड आहे हे विसरतात. रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही हेही खरे नाही. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने शेजारच्या काडतुसाची गोळी पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कोशातून, पुढे सरकून काडतुसांचे फिरते चक्र अडवू शकते, आणि तसे अडले तर ते हाताने सुटत नाही, हत्यारे लागतात.

कॅलिबरवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. ९ मिमी पॅराबेलम १९०२ चे आहे आणि आज रोजच्या वापरासाठी तेच योग्य आहे. अमेरिकेच्या एफबीआयने १९८६ मधल्या मायामीच्या चकमकीनंतर गोळीच्या शिरकावाची कसोटी ठरवली. जेलाटिनच्या ठोकळ्यात, कपड्यांचे थर मधे ठेवूनही, गोळी १२ ते १८ इंच गेली पाहिजे, अशी ती कसोटी आहे. त्या शोधात १९९० साली .४० एस अँड डब्ल्यू काडतूस आले, आणि पुढे गोळ्यांची बनावट सुधारल्यावर तीच संस्था २०१० च्या दशकाच्या मध्यास ९ मिमीकडे परतली, कारण धक्का कमी, गोळ्या अधिक आणि नेम चांगला. .३८० ची पसरणारी गोळी बऱ्याचदा पुरेशी आत जात नाही. म्हणून हात आणि मनगट ९ मिमी सोसत असताना .३८० कडे जाऊ नये. सोसत नसतील तर .३८० ची नीट लागलेली गोळी चुकलेल्या ९ मिमीपेक्षा नक्कीच बरी.

आता खात्रीकडे वळतो. नावाजलेल्या उत्पादकाच्या पिस्तुलातही एखादा नग खोडकर निघतो, आणि एरवी निर्दोष पिस्तूल एखाद्या विशिष्ट काडतुसाशी जमवून घेत नाही. म्हणून नवे पिस्तूल घेतल्यावर आधी कारखान्यातले घट्ट तेल पुसून स्वच्छ करावे, स्लाइडच्या रुळांवर थेंबभर तेल द्यावे, दोन-तीनशे सरावाच्या गोळ्या झाडाव्यात, आणि मग जे काडतूस बाळगणार आहात त्याच्या किमान शंभर गोळ्या, प्रत्येक मॅगझिनमधून वाटून, एकही अडथळा न येता गेल्या पाहिजेत. थोड्या उजव्या हाताने एकट्याने आणि थोड्या डाव्या हाताने एकट्याने झाडाव्यात, कारण प्रसंगात दुसरा हात मुलाला किंवा दाराला धरून असू शकतो. शंभर गोळ्यांत एकदा जरी अडले तरी कारण शोधून दूर करावे आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करावी. महाग काडतुसे झाडायचे जिवावर येते हे मला कळते, तरीही या बाबतीत मी सूट देत नाही.

कारण शोधताना क्रम ठेवावा. रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकत असेल तर आधी मनगट पाहा, कारण लहान, हलक्या पिस्तुलात मनगट सैल पडले की सांगाडाच मागे जातो आणि स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो. तेच पिस्तूल दुसऱ्या अनुभवी हातात दिल्यावर नीट चालले तर दोष धरण्यात आहे. गोळी चेंबरच्या तोंडाशी नाक खुपसून अडत असेल तर मॅगझिन पाहा. माझ्याकडे एक विद्यार्थिनी ‘पिस्तूल परत करायचे आहे, दर वीस-पंचवीस गोळ्यांना अडते’ म्हणून आली होती. तिच्या तीनही मॅगझिनच्या तळाला मी पांढऱ्या रंगाने १, २, ३ असे आकडे घातले आणि तिला झाडायला लावले. अडले ते प्रत्येक वेळी दोन नंबरचे मॅगझिन. उजेडात धरल्यावर त्याच्या तोंडाशी गोळी धरून ठेवणाऱ्या एका कडेवर फरशीवर आपटल्याची बारीकशी चेप दिसली, नखाला लागेल इतकीच. ते मॅगझिन सरावासाठी बाजूला ठेवले, दुसरे आणले आणि पिस्तूल निर्दोष चालू लागले. मॅगझिनवर आकडे घालायला मिनिट लागतो, म्हणून तुम्हीही पहिल्याच दिवशी घाला.

बाळगलेल्या शस्त्राची झीज सरावाच्या शस्त्रापेक्षा वेगळी असते. ते दिवसचे दिवस झाडले जात नाही, पण घाम आणि कपड्याचा कापूस खात राहते. महिन्याने उघडून पाहिले तर नळीच्या तोंडात, माशीच्या बुडाशी आणि चापामागे करड्या तंतूंची लव जमलेली दिसते, आणि अंगाकडच्या बाजूच्या स्क्रूंवर तांबूस ठिपके येतात. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने झटकणे आणि किंचित तेलाच्या फडक्याने पुसणे एवढे पुरते. तेल ओतून ठेवू नये, त्यावर कापूस अधिक चिकटतो. लहान पिस्तुलात स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी स्प्रिंग कमी जागेत जास्त काम करते म्हणून लवकर थकते. साधारण दोन-तीन हजार गोळ्यांनंतर ती बदलावी लागते आणि नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. चाप हलका करून घेणे, आतल्या स्प्रिंगा बदलणे असे प्रयोग या पिस्तुलावर करू नयेत.

चेंबरमध्ये गोळी ठेवावी का, हाही तुमचा प्रश्न आहे. आधुनिक पिस्तुलात फायरिंग पिनला (काडतुसाच्या बुडावर आघात करणाऱ्या सुईला) अडवणारा आतला खटका असतो आणि चाप दाबल्याखेरीज तो सुटत नाही, म्हणून चांगल्या होल्स्टरमध्ये असे पिस्तूल भरलेले बाळगणे सुरक्षित आहे. रिकामे बाळगले तर प्रसंगी दोन हात आणि एक पूर्ण क्षण लागतो, आणि दोन्ही मिळतीलच असे नाही. तरीही मन धजावत नसेल तर पहिले दोन आठवडे घरात, रिकामे पिस्तूल चाप ताणलेल्या स्थितीत, होल्स्टरमध्ये ठेवून रोजची कामे करा. संध्याकाळी तपासा. चाप होता तसाच दिसला, दिवसेंदिवस तसाच दिसत राहिला, की भीती आपोआप ओसरते. बाहेरचा सेफ्टी खटका हवा की नको हा स्वभावाचा प्रश्न आहे. घेतला तर प्रत्येक सरावात, प्रत्येक वेळी तो अंगठ्याने खाली करायची सवय लागली पाहिजे. कधी वापरायचा आणि कधी नाही, असे करणाऱ्यांनी तो नसलेले पिस्तूल घ्यावे.

लाल ठिपक्याच्या दुर्बिणीबद्दल एवढेच सांगतो की चष्मा लागलेल्या, पुढची माशी धूसर दिसणाऱ्या डोळ्यांना ती खरोखर वरदान आहे, पण ठिपका चटकन सापडण्यासाठी वेगळा सराव लागतो, म्हणून पहिले सहा महिने साध्या माशीवर शिका. अंधारात चमकणारी ट्रिटियमची माशी मात्र आधीच घेतली तरी चालेल. तिचा उजेड सुमारे १२ वर्षांत निम्मा होतो.

शेवटचा तुमचा प्रश्न रात्री शस्त्र कसे ठेवावे हा आहे. पिस्तूल होल्स्टरमधून काढून ठेवू नका, होल्स्टरसकट कमरेवरून उतरवा आणि तसेच कुलपाच्या पेटीत ठेवा. त्यामुळे चाप सतत झाकलेला राहतो आणि सकाळी तेच अखंड परत चढवता येते. रोज गोळ्या काढून पुन्हा भरण्याचा आणखी एक तोटा आहे. तेच काडतूस वारंवार चेंबरमध्ये चढवले की स्लाइडच्या माऱ्याने त्याची गोळी पुंगळीत थोडी थोडी आत दबते आणि झाडताना दाब धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतो. कोरड्या, म्हणजे गोळी न झाडता करायच्या, सरावासाठी रिकामे करावेच लागले तर ते काडतूस पेटीतल्या नव्या काडतुसाशेजारी सपाट जागी उभे करून उंची ताडून पाहा, आणि ते जरासे जरी बुटके दिसले तरी पुन्हा पिस्तुलात भरू नका.